शेंदूर, शिळा आणि स्वयंभू

एकाच कलाकृतीत दोन किंवा अधिक भिन्न द्रव्ये वापरली की तिला मिश्र माध्यमातली कृती म्हणतात. रंगाशेजारी कापड, कागदावर पत्रा, लाकडावर मेण असे काहीही त्यात चालते. विषय एकच ठेवून, द्रव्येही ठरावीक ठेवून, थोडाथोडा फरक करत एकापुढे एक कृती केल्या की त्यांची मालिका होते. ही परिभाषा चित्रशाळांतली आणि प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांतली. पण महाराष्ट्रात मिश्र माध्यमातली जी मालिका पिढ्यान्‌पिढ्या रांगा लावून पाहिली जाते, ती कुठल्याही कलादालनात टांगलेली नाही. ती अष्टविनायकांची आहे. शिळा, शेंदूर, तेल, धातू, रत्ने, वस्त्र आणि फुले एवढ्या सामग्रीतून ही आठ रूपे उभी राहिली आहेत. त्यांखाली कोणा कलावंताची सही नाही, आणि परंपरेचे म्हणणे तर त्याहून पुढचे आहे: ही कोणी घडवलेलीच नाहीत, ती स्वयंभू आहेत.

इथेच प्रश्न उभा राहतो. माणसांच्या हातांनी, थरावर थर चढवत, शतकानुशतके वाढत गेलेली वस्तू स्वयंभू कशी म्हणायची? आणि ती स्वयंभू असेल, तर तिच्यावर रोज पडणाऱ्या हाताचे काम नेमके काय?

या प्रश्नाचा विचार करायला दौंड तालुक्यातले वरवंड ही सोयीची जागा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात स्वतः अष्टविनायकांपैकी एकही नाही. मात्र आठांपैकी चार त्याच्या चहूबाजूंना आहेत. दक्षिणेला बारामती तालुक्यातले मोरगाव, उत्तरेला शिरूर तालुक्यातले रांजणगाव, पश्चिमेला हवेलीतले थेऊर आणि पूर्वेला भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातले सिद्धटेक. गावाच्या पश्चिमेच्या चौफुल्यावरून एक वाट सुप्यामार्गे मोरगावला उतरते, दुसरी केडगाव-न्हावऱ्याच्या अंगाने रांजणगावाकडे चढते. शिवाय वरवंड हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव आहे. यवतचा मुक्काम आटोपून पालखी इथे येते आणि पुढे उंडवडी गवळ्याची गाठते. म्हणजे शेंदराचे चार देव आणि शेंदराच्या दैवतांना अभंगांतून सडकून बोलणारा संत, दोघांच्याही वाटा या एका गावाला लागून जातात.

आधी द्रव्य पाहू. शेंदूर ही शिशाची भस्मासारखी बारीक, नारिंगी-लाल पूड. रसायनशास्त्रात ती शिशाच्या ऑक्साइडांपैकी एक. पिवळट मुर्दाडशिंग हवेत साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत बराच वेळ तापवले की त्याचा शेंदूर होतो. पूड हातात घेतली तर आकाराच्या मानाने जड लागते आणि बोटांच्या रेषांत शिरून बसते. ती विषारी आहे, त्यामुळे हाताळल्यावर हात धुणे हा सोवळ्याइतकाच आरोग्याचाही नियम ठरतो. बाजारात शेंदूर म्हणून मिळणारी प्रत्येक पूड शिशाचीच असते असे मात्र नाही.

शेंदूर कोरडा लावत नाहीत, तेलात खलतात. नुसती पूड दगडावर टिकत नाही आणि नुसते तेल ओघळून जाते. दोन्ही एकत्र आले की लोण्यासारखा लगदा होतो आणि तळव्याने फिरवता येतो. तेल सुकणाऱ्या जातीचे असेल, जवसासारखे, तर शिसे आणि तेल यांच्यात संयोग होऊन थर हळूहळू घट्ट आणि पाण्याला दाद न देणारा बनतो. लोखंडी पूल आणि जहाजे गंजू नयेत म्हणून शिशाचा लाल रंग जवसाच्या तेलात कालवून लावत, त्यामागेही हाच गुण होता. काही ठिकाणी लेपात मेणही घालतात. लेप ओला असतानाच चांदीचा वर्ख चिकटवतात, डोळे बसवतात. लेप देणारा हात वरून खाली फिरतो, सोंडेच्या वळणावर अंगठा दाबतो, कानामागच्या खाचेत बोट घालतो. कोरीव कामात छिन्नी दगड काढून टाकत आकार शोधते. इथे प्रत्येक वेळी थोडी भर पडते. त्या भरीने धारदार कडा गोल होतात, हात पोटात मिसळतात, पाय मांडीत विरतात. बराच काळ लेप बसलेल्या मूर्तीत शेवटी सोंड, डोळे आणि एक भरघोस गोलाई एवढेच उरते. हा आकार कोणी आधी रेखाटलेला नसतो. द्रव्याचा स्वभाव आणि हाताची सवय मिळून तो ठरवतात.

चार क्षेत्रांत मोरगावची कथा या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. मयूरेश्वराची मूर्ती बैठी, डाव्या सोंडेची, मस्तकावर नागफणा असलेली. डोळ्यांत आणि बेंबीत हिरे आहेत. पण स्थानिक श्रद्धेनुसार दिसते ती मूळ मूर्ती नव्हे. मूळ मूर्ती लहान, ती वाळू, लोह आणि हिऱ्यांच्या कणांची. ब्रह्मदेवाने ती स्थापली आणि पांडवांनी ती तांब्याच्या पत्र्यात बंद करून आजच्या मूर्तीमागे ठेवली, असे सांगतात. इतिहास म्हणून या कथेकडे पाहण्याचे कारण नाही. लक्षात घेण्यासारखी आहे ती तिची कल्पना. परंपरेला मूळ देव कल्पायचा होता तेव्हाही तिने तो शुद्ध, एकजिनसी कल्पला नाही. वाळू हे नदीकाठचे सर्वांत स्वस्त द्रव्य, लोह कामाचे, हिरा सर्वांत मोलाचा. तिन्ही एकाच देहात कालवली आणि वर चौथे द्रव्य, तांबे, आवरण म्हणून घातले. आदिरूप साधे आणि नंतरचे रूप मिश्र, अशी चढण या कथेत नाही. तळाशीही मिश्रणच आहे.

मोरगावची दुसरी समजूत कवचाची. शेंदराच्या लेपाने मूर्ती मोठी दिसते. शे-दीडशे वर्षांनी ते कवच आपोआप गळते आणि आतले रूप उघडे पडते. १७८८ साली असे घडल्याचे सांगतात. जड थर आपल्याच वजनाने दगडापासून सुटावा यात अशक्य काही नाही: तेल वाळत जाते, लेप आक्रसतो, भेगेतून ओल शिरते. भाविक त्या घटनेला कवच गळणे म्हणतो, मूर्ती भंगणे म्हणत नाही. शब्दाच्या या निवडीत एक निवाडा दडलेला आहे. देहावरचे वस्त्र फाटले तरी देह शाबूत राहतो, तसा.

रांजणगावच्या महागणपतीबाबत झाकलेल्या देवाची कल्पना वेगळ्या दिशेने जाते. दर्शनाला आहे ती मूर्ती शांत, आसनस्थ. तर तळघरात दहा सोंडा आणि वीस हातांची ‘महोत्कट’ नावाची मूर्ती असल्याची आख्यायिका आहे. ती दर्शनाला कधीच नसते. मोरगावचे मूळ रूप लहान, रांजणगावचे अवाढव्य आणि उग्र. एकीकडे लेप देवाला मोठा करतो, दुसरीकडे तळघर त्याला सौम्य करून वर पाठवते. सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा, म्हणून सोवळ्याला कडक मानला जातो. त्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधवले, आणि प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा पडतो. थेऊरच्या चिंतामणीच्या डोळ्यांत रत्ने आहेत. पेशवे माधवराव याच देवाच्या सान्निध्यात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले.

आता या आठांना मालिका कशाच्या बळावर म्हणायचे? चित्रशाळेत मालिका वाढते ती काही गोष्टी बांधून घेतल्यामुळे. आकारमान ठरते, रंगांची पेटी ठरते, एखादी खूण प्रत्येक चित्रात परत येते. मग पहिल्या चित्रात जे अडले ते दुसऱ्यात सोडवले जाते आणि दुसऱ्यात जे अनपेक्षित घडले ते तिसऱ्याचा विषय होते. पाब्लो पिकासोने १९१२ साली रंगवलेल्या पृष्ठावर वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि कडेने दोर गुंडाळला, तेव्हा चित्रात खरी वस्तू आणि वस्तूचे चित्र शेजारी आले. पुढच्या शतकभराच्या मिश्र माध्यमाची वाट त्या चित्राने रुंद केली. मराठी चित्रकारांत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी साठच्या दशकात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करताना तांत्रिक प्रतिमांचा अभ्यास केला. पुढे इनॅमलसारखा घरादाराला लावायचा रंग त्यांनी चित्रात आणला आणि घड्याळ, पान, किल्ली अशा वस्तूंना अवकाशात सुटे सोडून दिले. ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० च्या पुस्तकात त्यांनी कोऱ्या पृष्ठासमोर बसणाऱ्या चित्रकाराच्या विचारप्रक्रियेचा माग घेतला आहे.

अष्टविनायकांपुढे कोरा कॅनव्हास कधीच नव्हता. तिथे आरंभी एक शिळा आहे, जिच्यात कोणाला तरी सोंड दिसली. बांधून घेतलेल्या गोष्टी मात्र आहेत: लाल-केशरी रंग, बैठे रूप, चमकणारे डोळे, सोंडेचे वळण. फरकही आहेत. सोंड डावीकडे की उजवीकडे, नागफणा आहे की नाही, मांडी कशी घातली आहे. पण एका मूर्तीतले अडलेले दुसरीत सोडवणारा कोणी एक कर्ता नाही. मालिका जुळते ती यात्रेकरूच्या पायांत. मोरगावला आरंभ करावा, आठही ठिकाणे करून पुन्हा मोरगावला यावे आणि मगच यात्रा पुरी झाली म्हणावे, असा संकेत आहे. पहिली मूर्ती दुसऱ्यांदा पाहताना ती पहिल्यासारखी राहत नाही; मधल्या सात रूपांचा लेप पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर चढलेला असतो. कर्ता नसलेली मालिका प्रेक्षकाने पुरी करावी, हा विचार आधुनिक कलेने बऱ्याच उशिरा आणि बऱ्याच गाजावाजाने मांडला.

शास्त्राने या द्रव्यांचा विचार केला होता का? केला होता, आणि अगदी कारागिराच्या काटेकोरपणाने. भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला प्रतिमेचे आठ प्रकार सांगतो: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनाची आणि रत्नांची. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहून १५७३ साली काशीत पुरी केली, म्हणून ही यादी मराठी कीर्तन-प्रवचनांत मुरलेली आहे. यादीत लेपाची प्रतिमा स्वतंत्र धरली आहे. नंतर लगेच व्यवहार येतो: लेपाच्या आणि चितारलेल्या प्रतिमेला स्नान घालू नये, ती पुसून घ्यावी. पाण्याने लेप सुटेल, रंग उतरेल, एवढे साधे कारण. शास्त्र इथे द्रव्याच्या स्वभावापुढे नमते घेते.

यादीतला खरा धक्का सातव्या नावात आहे. दगड, लाकूड, वाळू, रत्न या रांगेत मन आले आहे, आणि त्याला कोणतेही खास आसन दिलेले नाही. मन हे इतरांसारखेच एक द्रव्य, ज्याची मूर्ती करता येते. असे असेल तर निव्वळ दगडाची मूर्ती संभवतच नाही, कारण पाहणाऱ्याचे मन तिच्यात कालवलेलेच असते. पूजेतली प्रत्येक मूर्ती मिश्र माध्यमातलीच ठरते. मोरगावच्या मूर्तीत वाळू, लोह, हिरा, तांबे, शिळा, शेंदूर आणि तेल यांच्या जोडीला आठवे द्रव्य म्हणून मन धरायला हवे. किंबहुना इतर सातांना एकत्र धरून ठेवणारा चिकटा तोच.

अद्वैत वेदान्ताने हेच दुसऱ्या टोकाकडून तपासले. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाची चर्चा करतात: शिंपल्यावर चांदीचा भास व्हावा, तसे एकावर दुसऱ्याचे आरोपण. अध्यास हे अज्ञानाचे मूळ. पण याच भाष्यात चौथ्या अध्यायात प्रतीकोपासनेचा विषय येतो, तेव्हा आचार्य जाणूनबुजून केलेल्या आरोपणाला जागा देतात. अट एवढीच की दिशा चुकता कामा नये. लहानावर मोठ्याची दृष्टी ठेवावी, मोठ्यावर लहानाची नाही. राजाच्या सारथ्याला राजासारखे वागवले तर ते शोभते. राजाला सारथी समजले तर तो अपमान होतो. दगडात ब्रह्म पाहावे, ब्रह्माला दगड म्हणू नये. शेंदराचा लेप म्हणजे हा जाणीवपूर्वक केलेला अध्यास, हाताने केलेला. लेप देणाऱ्याला खाली दगड आहे हे पक्के ठाऊक असते. शिंपल्याला चांदी समजणारा फसलेला असतो, लेप देणारा फसलेला नसतो. या भेदाकडे मूर्तिपूजेचे टीकाकार फारसे लक्ष देत नाहीत, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ पूजकही देत नाहीत.

तुकोबांची टीका त्या दुसऱ्या वर्गासाठी होती. शेंदूर फासून मांडलेल्या, नवस मागणाऱ्या, बळी घेणाऱ्या दैवतांची त्यांनी अभंगांतून यथेच्छ रेवडी उडवली. ती मूर्तिमात्राची टीका नव्हे, कारण त्यांचा विठ्ठलही शिळेचाच आणि डोळे भरून पाहायचा आहे. त्यांचा राग सौदेबाजीवर आहे: इतका शेंदूर, इतके तेल, त्या बदल्यात इतके फळ. लेपाचा थर वाढतो आणि मनाचे द्रव्य पातळ होत जाते, तेव्हा मूर्तीत नुसता शेंदूर उरतो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला आणि तेव्हापासून पादुका पंढरीला जातात. पादुका हेही देहाचे नव्हे, देहाच्या खुणेचे पूजन. वरवंडला मुक्कामी पालखीपुढे माणसे वाकतात ती त्या खुणेपुढे. निर्गुणाचा उच्चार करणाऱ्या संतालाही मागे राहिलेल्यांनी चांदीचे रूप दिले, यावर तुकोबा काय म्हणाले असते हा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही. आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही.

ही पालखी जिथे पोचते तिथे हाताचे काम नेमके उलटे झाले आहे. पंढरपुरात भाविक विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवतात, हात लावतात. शतकांच्या पदस्पर्शाने पाय झिजले, आणि ती झीज थोपवण्यासाठी मूर्तीवर वेळोवेळी संवर्धनाचे लेप द्यावे लागले. २०२० मध्येही विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर असे काम झाले. भक्तीचा हात मोरगावात भर घालतो, पंढरपुरात झिजवतो. एकाच भावनेतून निघालेला स्पर्श एका देवाला वाढवतो आणि दुसऱ्याला कमी करतो, कारण एके ठिकाणी हातात शेंदूर आहे आणि दुसरीकडे हात रिकामा आहे. लेपाने झीज रोखण्याचा विचार जुनाच. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृती दिली आहे: कच्ची टेंभुर्णी आणि कवठे, सावरीची फुले, साली, बिया पाण्यात उकळून अष्टमांश काढा उरवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ यांचा कल्क घालायचा आणि गरम असतानाच मूर्तीला, भिंतीला लावायचा. हा लेप कोटी वर्षे टिकतो असे तो सांगतो. टिकाऊपणाची हमी देण्यात त्या काळचे ग्रंथकारही आजच्या रंगकंपन्यांना हार जाणारे नव्हते.

उलट बाजूचा प्रसंग वणीच्या गडावर घडला. सप्तशृंगीची सुमारे आठ फुटी, अठरा हातांची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या शेंदराखाली होती. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून शेकडो किलो लेप काढला गेला, आणि नवरात्रात भाविकांनी पाहिले ते रूप ओळखीचे नव्हते. आयुध धरलेली बोटे, कोरलेले अलंकार, चेहऱ्याची ठेवण वर आली होती. यातली खरी देवी कोणती? मूळ शिल्प खरे धरले, तर लेप लागलेल्या रूपाला नवस बोलणाऱ्या पिढ्यांनी आवरणाची पूजा केली असे होते. लेपाचे रूप खरे धरले, तर संवर्धन करणाऱ्यांनी देवीचा भाग खरवडून काढला असे होते. दोन्ही उत्तरे भाविकाला मान्य होत नाहीत, आणि त्याचा नकार तर्काला सोडून नाही. खरे रूप एका थरात असलेच पाहिजे, हे गृहीतच मुळात चित्रविक्रीच्या बाजारातले आहे, जिथे अस्सल पृष्ठ आणि नंतरचा हात वेगळा काढल्याशिवाय किंमत ठरत नाही. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाची, तिच्यावर रेशमी धागे, राळ आणि रंग यांचे थर. नवकलेवराच्या विधीत ती सगळीच्या सगळी नवी होते, शेवटचे २०१५ साली. जुन्या देहातले ब्रह्मपदार्थ म्हणून ओळखले जाणारे तत्त्व, डोळे बांधून आणि हात कापडात गुंडाळून, नव्या देहात ठेवले जाते. ठेवणाऱ्यालाही ते दिसू नये अशी ही व्यवस्था आहे. तिथे सातत्य द्रव्यात शोधायचेच नाही, असे विधीनेच ठरवून टाकले आहे.

‘स्वयंभू’ या शब्दाचा अर्थही याच अंगाने लावावा लागतो. कोणाच्याही हाताविना प्रकटलेला असा त्याचा सरळ अर्थ घेतला तर मूठभर शेंदूरही त्याला खोटे पाडतो. पण कर्ता सापडत नाही, आरंभाची तारीख सापडत नाही, एकही हात निर्णायक ठरत नाही आणि तरी रूप स्थिर राहते, हेही स्वयंभूपणच. गावची बोली अशीच घडते, ओवीची चालही. मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय म्हटले ते याच्या जवळच्या युक्तिवादाने: कर्ता आठवत नाही, म्हणून कर्ता मानता येत नाही. वेदांच्या बाबतीत हा युक्तिवाद किती टिकतो यावर शतके वाद झाले. लेपाच्या मूर्तीला मात्र तो फार ताणावा लागत नाही, कारण इथे लाखो कर्ते आहेत आणि म्हणूनच एकही नाही.

मारुतीच्या शिळेवर हीच गोष्ट लहान प्रमाणात पाहता येते. गावकुसाबाहेरचा मारुती, दर शनिवारी तेल, वर्षातून काही वेळा शेंदूर. प्रत्येक थर केसाच्या जाडीचा. पण गाल भरत जातात, कपाळ पुढे येते, आणि चांदीचे डोळे हळूहळू खोल जाऊन लेपात बुडू लागतात. एक डोळा पाऊण झाकला गेला की गुरव टोकदार काडीने कडेचा शेंदूर कोरतो, दोन्ही डोळे सोडवून पाण्याने धुतो, फडक्याने पुसतो, ओला लेप तळव्याने थापतो आणि डोळे पुन्हा वर बसवतो, अंगठ्याने दाबून, आधी उजवा, मग डावा.